रायगडचा किनारा: किंमत एकदाच, झीज रोजची

'खांड गेली' एवढे दोन शब्द खारेपाटातल्या माणसाला गाढ झोपेतून उठवायला पुरतात. पेण आणि अलिबाग यांच्यामधली ही सखल पट्टी धरमतरच्या खाडीला चिकटून आहे. एका अंगाला भरतीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये माणसांनी चिखलमातीनं घातलेला बांध. उधाणाच्या रात्री त्या बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या मातीत भात धड होत नाही. म्हणून हाक आली की ज्याचं शेत बांधापासून लांब आहे तोही फावडं घेऊन निघायचा. याला जोळपद्धत म्हणत. जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाकडे बांधाचा तुकडा, प्रत्येकाचे कामाचे दिवस ठरलेले आणि उघाडीवर, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दारापाशी, सापडणाऱ्या मासळीतही प्रत्येकाचा हिस्सा. सात-आठ वर्षांचा असताना एका रात्री मी आजोबांच्या मागे गेलो होतो. कंबरभर पाण्यात माणसांची रांग उभी होती. चिखलाचं ढेकूळ एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं आणि बत्तीच्या उजेडात कोणाचाच चेहरा ओळखू येत नव्हता. पहाटेपर्यंत खांड बुजली.

काही वर्षांपूर्वी त्याच बांधाला खांड गेली, तेव्हाही मी गावी होतो. हाक झाली, पण जमले ते आठ-दहा म्हातारे. तरुण पोरं कंपनीत पाळीवर होती, नाहीतर उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या केबिनमध्ये. बांधालगतची बरीच जमीन विकली गेली होती. ती घेणाऱ्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांना तिथं भात लावायचा नव्हताच. पोकलेन यायला अकरा दिवस लागले. तोवर पाणी रोज दोनदा आत-बाहेर करत राहिलं. आता त्या शेतांत तिवरं उभी आहेत.

उद्योगाविरुद्ध फिर्याद करायला मी हे लिहीत नाही. माझा थोरला भाऊ रोह्याजवळच्या धाटाव वसाहतीत अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होता. त्याच्या पगारावर आमचं घर उभं राहिलं, माझं शिक्षण झालं. मी स्वतः जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये शिकवतो आणि माझ्या हाताखालून गेलेली पोरं तळोजा, पाताळगंगा, डोलवी, महाड, सगळीकडे कामाला आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की या किनाऱ्यानं उद्योगाला जमीन दिली, पाणी दिलं, खाडी दिली आणि बदल्यात एकरकमी किंमत घेतली, वाटा घेतला नाही. रायगडच्या अर्थव्यवस्थेची बहुतेक दुखणी मला या एका गोष्टीशी येऊन मिळताना दिसतात. दिघीचं औद्योगिक क्षेत्र आणि तिसरी मुंबई म्हणवलं जाणारं नवं शहर दाराशी येऊन उभं असताना तीच चूक आपण पुन्हा करणार असू, तर आत्ताच बोलायला हवं.

बळाच्या बाजूनं सुरुवात करू, कारण ते बळ खरं आहे. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं आणि तिथला वायू उरणला किनाऱ्यावर आला. त्या वायूवर अलिबागजवळ थळचा खत कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्याच वायूनं नागोठण्याला पेट्रोकेमिकल उभं केलं. २६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. दहा वर्षांनी तिथंच देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल चालू झालं. आज देशातल्या प्रमुख बंदरांवर होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा जवळपास निम्मा भार हे एक बंदर उचलतं. २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापानं ७० लाखांहून जास्त कंटेनर तिथून गेले-आले. धरमतरच्या खाडीवर डोलवीचा पोलाद कारखाना वर्षाला एक कोटी टन क्षमतेपर्यंत पोचला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. खोल पाणी, मुंबईचा शेजार, वायू, रेल्वे, महामार्ग हे सगळं एका जिल्ह्यात एकत्र आलेलं देशात फार कमी ठिकाणी दिसेल.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे इथं सगळे उद्योग एका जातीचे नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या तेव्हा फक्त गिरणगाव बसलं नाही. महाड-पोलादपूरपासून संगमेश्वर-लांज्यापर्यंत ज्या घरांत दर महिन्याला मनीऑर्डर यायची ती घरंही बसली. एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या प्रदेशाचं काय होतं ते आपल्या आई-आजींनी सोसून पाहिलं आहे. रायगडात पोलादाला मंदी आली तर बंदर चालतं, रसायनाला फटका बसला तर गोदामं आणि बांधकाम माणसं घेतात. शिवाय माणसाला घरून डबा घेऊन कामाला जाता येतं, ही तर कोकणात फार मोठी गोष्ट आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. बाप मुंबईत, आई आणि पोरं गावात, असा त्या आकड्याचा अर्थ आहे. रायगडात निदान उत्तरेकडच्या तालुक्यांत तरी बाप रात्री घरी जेवायला असतो. माझा भाऊ असायचा.

मग दुखतंय कुठं?

लग्नाच्या बोलणीत कुठं दुखतंय ते कळतं. पूर्वी मुलीकडचे विचारत, मुलगा काय करतो. 'कंपनीत आहे' म्हटलं की बोलणं पुढं सरकायचं. आता लगेच दुसरा प्रश्न येतो: पर्मनंट आहे की ठेकेदाराकडं? भावाच्या पिढीत गेटमधून आत गेलेला कामगार निवृत्त होऊनच बाहेर यायचा. माझ्या विद्यार्थ्यांतली बहुतेक मुलं एकाच कारखान्याच्या एकाच मशीनवर पाच-सहा वर्षं उभी असतात, पण कागदावर तीन वेगवेगळ्या ठेकेदारांची माणसं असतात. ठेका बदलला की नवा गेटपास आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. कर्ज काढायला बँकेत गेली की पगाराची स्लिप कुणाच्या नावाची, इथूनच अडतं.

बंदराचं दुखणं जरा निराळं आहे. कंटेनर बंदराला माणसं फार लागत नाहीत, आणि जितकं ते आधुनिक होतं तितकी कमी लागतात. उरण-पनवेल पट्ट्यात रोजगार होता तो बंदराच्या अवतीभवती, कंटेनर उतरवून माल हाताळणाऱ्या कंटेनर फ्रेट स्टेशनांमध्ये. मोजणी करणारे सर्व्हेयर, फोर्कलिफ्ट चालवणारे, माल उतरवणारे, कागदपत्रं फिरवणारे. २०१६ नंतर बंदरातून माल थेट आयातदाराकडे सोडायची पद्धत वाढली. व्यापाराच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, देशाचा वेळ आणि पैसा वाचला. पण ती बचत ज्यांच्या पगारातून झाली त्यांच्यासाठी काय करायचं, हा प्रश्न कोणाच्या टेबलावर आलाच नाही. जासई-करळच्या रस्त्यावर सकाळी उभं राहिलं तर ट्रेलरची न संपणारी रांग दिसते. प्रत्येक डब्यात लाखोंचा माल असतो. रस्त्याकडेच्या गावाला त्यातून चहाची टपरी, पंक्चरचं दुकान आणि धूळ मिळते.

याचं एक कारण आमच्या स्थानिक राजकारणात आहे आणि ते आम्हीच बोलायला हवं. प्रकल्प येतो तेव्हा 'भूमिपुत्रांना न्याय द्या' अशी घोषणा होते. ती खरीच असते, तिच्यामागे उभे राहणारे लोकही खरे असतात. पण तडजोडीच्या बैठकीत हा न्याय बहुतेक वेळा ठेक्यांच्या रूपात वाटला जातो. मुरमाच्या भरावाचा ठेका, पाण्याच्या टँकरचा, लेबरचा, भंगाराचा. गावातल्या चार-पाच घरांसमोर मोठ्या गाड्या येतात आणि बाकीचं गाव त्याच चार-पाच जणांकडे रोजंदारीला लागतं. उद्योगातून मिळणारा वाटा आम्ही मागितलाच नाही असं नाही. आम्ही तो गावासाठी मागितला आणि काही माणसांच्या नावावर घेतला. राज्य सरकारचं ८० टक्के स्थानिकांना रोजगाराचं धोरण कागदावर कितीतरी वर्षं आहे. ठेकेदार स्थानिक असला की कामगार कुठला, किती पगाराचा, किती महिन्यांचा, हे विचारणारा गावात उरत नाही.

कौशल्याच्या बाबतीत मी माझ्याच कामाबद्दल बोलतो. वर्कशॉपमध्ये माझ्याकडे जी लेथ मशीनं आहेत त्यांतल्या काहींवर माझ्या वयाची माणसं शिकून गेली. कारखान्यातून फोन येतो तो पीएलसी, म्हणजे यंत्रं आपोआप चालवणारा संगणक, समजणाऱ्या, इन्स्ट्रुमेंटेशन येणाऱ्या मुलासाठी. अशी मुलं बाहेरून येतात, आमची हेल्पर होतात. जिल्ह्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्याच्या अलीकडे रोहा, पलीकडे महाड, शेजारी विळे-भागाडची वसाहत. कारखाना, विद्यापीठ आणि आयटीआय एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर असताना, प्लांट उभारायला लागणाऱ्या तीन-चार वर्षांत त्याच प्लांटसाठी तालुक्यातली मुलं तयार करणं अशक्य नव्हतं. भूसंपादनाची नोटीस निघते त्याच दिवशी प्रशिक्षणाची पहिली तुकडी बसायला हवी. मी शिकवायला लागल्यापासून एकदाही हे झालेलं पाहिलं नाही.

वाट्याची कल्पना या जिल्ह्याला परकी नाही, उलट इथंच ती लढून पुढं आली. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप सहा वर्षं टिकला. डॉ. आंबेडकर स्वतः चरीला येऊन कुळांच्या पाठीशी उभे राहिले. भांडण उत्पन्नाच्या वाट्याचं होतं. पुढे कुळकायदा झाला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन आली. नंतर १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात, सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांनी उभ्या केलेल्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. सरकारनं जमीन कवडीमोलानं घेऊन सोन्याच्या भावानं विकायची नाही, वाढलेल्या किमतीत मूळ मालकाचा हिस्सा आहे, ही गोष्ट देशात इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी मान्य झाली होती. विमानतळाच्या दहा गावांना पुढे साडेबावीस टक्के मिळाले ते याच पायावर.

पण साडेबारा टक्क्यांचं प्रत्यक्षात काय झालं? वाटप वर्षानुवर्षं रेंगाळलं. वारसांची नावं वाढत गेली, भूखंड हातात यायच्या आधीच कुलमुखत्यारपत्रावर बिल्डरला गेला. पैसा आला, घर झालं, गाडी झाली, पोरीचं लग्न थाटात झालं. यात कोणाला दोष देण्याची माझी हिंमत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हातात रोख नसलेल्या घरात एकदम रक्कम आली की ती आधी अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींकडेच जाते. पण ज्या जमिनीसाठी पणजोबांनी सहा वर्षं शेत पडीक ठेवलं, तिची किंमत पणतवाच्या हातात दहा वर्षंही राहिली नाही, हे मी माझ्या नात्यात पाहिलं आहे. मिळाला तो भूखंडही विकून टाकायची वस्तूच होता. दर साल काही देत राहील असा वाटा तो नव्हता.

आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता त्यांचं काय? शेवा कोळीवाड्यातली अडीचशेच्या वर कुटुंबं बंदरासाठी उठवली आणि उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात बसवली. त्या जागेत वाळवी होती. घराची लाकडं आतून पोखरली गेली, भिंती गेल्या, आणि जगाच्या बाजाराशी देशाला जोडणाऱ्या बंदराचे हे पहिले शेजारी वर्षानुवर्षं दुसऱ्या जागेसाठी अर्ज करत राहिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उरण-पनवेलच्या खाडीतल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. भराव आणि तोडलेली तिवरं यांमुळे भरतीचं पाणी अडलं आणि मासेमारीची जागा गेली, हे त्यात मान्य झालं. घरटी हिशेब पावणेसहा लाखांच्या आसपास जातो. त्यासाठीही पुढे कोर्टकचेरी चालूच राहिली. मला त्या रकमेपेक्षा त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो. खाडी ही कोणाची तरी कामाची जागा आहे, ती बंद केली तर कारखाना बंद केल्यासारखंच आहे, असं पहिल्यांदा कोणीतरी मांडलं. निवट्या, चिंबोऱ्या, खुबे वेचून बाजारात बसणाऱ्या बाईचं उत्पन्न जिल्ह्याच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. ते गेलं तेव्हाही कुठला आकडा खाली आला नाही.

तळोजाच्या बाजूला कासाडी नदी आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्या भागात निळी कुत्री फिरताना दिसली आणि देशभरातल्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले. रंगाचा अंश असलेलं पाणी नदीत सोडलं जात होतं, त्यात ती उतरली होती. कारखान्यावर कारवाई झाली. पण कुत्र्याच्या अंगावर रंग चढला म्हणून दिसला. रंग नसलेलं रसायन जातं तेव्हा फोटो निघत नाही. महाडला सावित्रीच्या काठी, लोट्याला वाशिष्ठीच्या खाडीत मेलेल्या मासळीचा थर तरंगतो तेव्हा पंचनामा होतो, नमुने जातात, अहवाल येईपर्यंत दोन भरत्या होऊन गेलेल्या असतात. २०२३ च्या नोव्हेंबरात महाडच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार आतच होरपळून गेले. रसायनांचे इतके पट्टे असलेल्या जिल्ह्यात भाजलेल्या माणसाला आजही मुंबईच्या दिशेनं न्यावं लागतं. माझ्या एका विद्यार्थ्याला हातावर आम्ल उडाल्यावर तीन दवाखान्यांनी 'पुढं न्या' सांगितलं. त्या तीन तासांनी त्याच्या बोटांचं जे नुकसान केलं ते आता भरून येणार नाही. नफा मुंबईतल्या कार्यालयात जमा होतो आणि उपचारासाठीही मुंबईलाच जावं लागतं.

पाण्याचं तर बोलताना त्रास होतो. पेण तालुक्यात भोगावती नदीवर हेटवणे धरण बांधलं ते शेतीसाठी. त्याच्या लाभक्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या एकपिकी राहिलेली जमीन दुपिकी व्हायची होती. आज त्या धरणाचं पाणी जलवाहिनीतून नवी मुंबईच्या नव्या वसाहतींना जातं आणि वाशी-शिर्कीच्या खारेपाटात फाल्गुन लागला की बायका टँकरची वाट बघत उभ्या असतात. २००६ च्या सुमारास महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, या पट्ट्यातल्या जमिनी मागितल्या गेल्या. प्रा. एन. डी. पाटलांसारखी माणसं लोकांबरोबर उभी राहिली आणि २१ सप्टेंबर २००८ ला हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. जमीन द्यायची का, हे सरकारनं शेतकऱ्याला विचारणं हीच तेव्हा नवी गोष्ट होती. सेझ गेला, जमीन राहिली. पाणी मात्र शेतापर्यंत पुरतं पोचलंच नाही. शेत कोरडं ठेवायचं आणि मग ही जमीन पडीक आहे, उद्योगाला द्या म्हणायचं, हा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय की तो योगायोग वाटत नाही.

या जिल्ह्यात सगळ्यात तळाला कातकरी आहे. कुळकायद्यात त्याला जमीन मिळाली नाही, भूसंपादनात मोबदला मिळाला नाही, दिवाळीनंतर तो वीटभट्टीवर निघून जातो. नव्या शहरांच्या विटा तो भाजतो. त्याच्या वाडीखालची जागा कोणाच्या नावावर आहे, एवढा एक प्रश्न सोडवायला स्वातंत्र्यानंतरची इतकी वर्षं पुरली नाहीत.

वाटा म्हणजे नेमकं काय, असं कोणी विचारेल. उत्तरासाठी आपल्याच राज्यात बघावं. प्रवरेला १९५० च्या सुमाराला शेतकऱ्यांनी साखर कारखाना उभा केला आणि पश्चिम महाराष्ट्रातला ऊसवाला आपल्या कारखान्याचा सभासद झाला. त्या सहकाराचे पुढे जे हाल झाले ते मला ठाऊक आहेत, तरी शाळा, दवाखाने, रस्ते त्या पैशातून झाले आणि तालुक्याचा पैसा तालुक्यात फिरला. कोकणात भात आणि मासळीवर तसं काही उभं राहिलं नाही. उद्योग आला तो तयार होऊन, बाहेरून. पुण्याच्या मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांवर जमीन विकायचं नाकारलं, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि शहर वसवलं. आणि सरकार स्वतःच आज सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन विकत न घेता भाड्यानं घेतं: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दर वर्षी तीन टक्के वाढ. सौर पॅनेलखालची जमीन मालकाच्या नावावर राहू शकते, तर गोदामाखालची, कंटेनर यार्डाखालची का नाही? यार्ड म्हणजे सपाट केलेली जमीनच असते.

मला हवं आहे ते असं. मोबदल्याचा एक भाग रोख, कारण गरज खरी आहे. एक भाग वार्षिक भाडं, वाढत्या दरानं, वारसांना चालू राहणारं. आणि एक भाग गावाच्या नावावर भागभांडवल, ज्याचा लाभांश ग्रामसभेच्या हिशेबात येईल आणि ज्यात सातबारा नसलेल्या कोळ्याचा, कातकऱ्याचा, खंडानं शेती करणाऱ्याचाही हिस्सा असेल. जोळपद्धतीत हेच होतं. बांध सगळ्यांचा, श्रम जमिनीच्या प्रमाणात, उघाडीवरच्या मासळीत सगळ्यांचा हिस्सा. १९४८ च्या खार जमीन कायद्यानंतर बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली तेव्हा ती पद्धत सैल झाली आणि जमिनींची विक्री सुरू झाल्यावर उरलीसुरली मोडली.

यावर पहिला आक्षेप येतो की अशा अटी घातल्या तर उद्योग गुजरातला जाईल. काही जातीलही. पण खोल पाण्याचं बंदर आणि मुंबईचा शेजार कोणाला गाडीत भरून नेता येत नाही. रायगडाइतकी ताकदीची जागा ज्याच्याकडे आहे त्यानं वाटाघाटीत सगळ्यात आधी वाकण्याची गरज नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: कंपनी बुडाली तर भाग कागद होतील. दाभोळला एन्रॉनचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, त्याच्या भागांवर कोणी घर बांधलं असतं तर? म्हणूनच तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात आणि जमिनीची मालकी शेतकऱ्याकडे हवी. कंपनी गेली तर निदान जमीन परत येते. आज कंपनी जाते, जमीन महामंडळाकडे राहते आणि पुढच्या कंपनीला दिली जाते. तिसरं म्हणणं आमच्याच लोकांचं: 'भाऊ, आम्हाला रोखच हवी.' या म्हणण्यासमोर मला गप्प बसावं लागतं, कारण त्यामागे भाडं कधी येईल, कोण देईल याबद्दलचा पक्का अविश्वास आहे. तो अविश्वास उरणनं शिकवला आहे. राजापूर तालुक्यात नाणारला २०१९ मध्ये रिफायनरी रद्द झाली, बारसूच्या कातळसड्यावर २०२३ मध्ये बायका उन्हात झोपून राहिल्या. त्यांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी एकदा हनुमान कोळीवाड्यात जाऊन यावं. राजापूरच्या माणसानं रायगड पाहिला आणि त्यावरून ठरवलं.

मालकी हातात असली की काय होतं त्याची उदाहरणं जिल्ह्यात आहेत. पेणजवळ हमरापूर-जोहे परिसरात घराघरात गणपती घडतात. साचा, रंग, आखणी, वाहतूक, सगळा पैसा त्या गावांत फिरतो आणि मूर्ती समुद्रापार जातात. अलिबागच्या शहापूर-धेरंडमध्ये वीज प्रकल्पासाठी जमिनी मागितल्या तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या तळ्यांतल्या जिताड्याचा हिशेब पुढं केला. एका तळ्यातली मासळी वर्षाला काय देते ते मांडलं, तेव्हा नापीक म्हणवली जाणारी खार जमीन अधिकाऱ्यांना निराळी दिसायला लागली. तो वीज प्रकल्प झाला नाही. हे धंदे लहान आहेत, त्यांच्यावर जिल्हा चालणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या आणि किती नाजूक आहे हे सगळं, तेही दिसलं. तरीसुद्धा त्यांतला प्रत्येक रुपया आधी इथं फिरतो आणि मग बाहेर जातो.

आता दिघीला सहा हजार एकरांचं औद्योगिक क्षेत्र मंजूर झालं आहे. उरण, पनवेल आणि पेणच्या १२४ गावांवर तिसऱ्या मुंबईची अधिसूचना निघाली आहे. ही गावं बहुतेक तीच, ज्यांनी आधी सिडको पाहिली, नाहीतर सेझ परतवला. या गावांत पुढच्या काही वर्षांत ग्रामसभा होतील, अधिकारी नकाशे घेऊन येतील आणि चर्चा एकरी भावावर येऊन थांबेल. त्या सभेत कोणीतरी उठून भाव बाजूला ठेवावा आणि विचारावं: भाडं किती वर्षांचं, वाढ किती टक्क्यांची, गावाचे भाग किती, हेटवण्याचं पाणी कोणत्या महिन्यात कोणत्या शेतात येणार, खाडीत कोण काय सोडणार आणि ते कोण मोजणार, आणि आमच्या मुलांची पहिली तुकडी कधी बसणार? उत्तर लेखी मागावं. आमच्या गावची सभा पुढच्या महिन्यात आहे. मी प्रश्न लिहून ठेवलेत आणि बांधावर अजून जाणाऱ्या त्या आठ-दहा म्हाताऱ्यांना सोबत घेऊन जाणार आहे. जोळीतला कोणाचा वाटा कुठं होता, ते त्यांनाच तोंडपाठ आहे.